गेम आहे की नाईट शिफ्ट?

दिवसभर बॉसचं ऐकायचं आणि रात्री गेममधल्या 'भाई'चं! ऑनलाईन रोलप्लेच्या दुनियेत हौसेची हमाली कशी होते आणि त्यातून सुटायचं कसं, याचा हा पंचनामा...

'रात्री साडेदहाला सगळे हजर पाहिजेत. काल जे नव्हते त्यांनी कारण लेखी द्यावं. या आठवड्यात ज्यांचे तास भरले नाहीत त्यांचं प्रमोशन थांबवलंय. आणि हो, माझ्या निर्णयावर पब्लिकमध्ये चर्चा नको.'

वाचून पोटात गोळा आला ना? वाटलं असेल, आपल्याच एचआरचा मेल! पण नाही मंडळी, हा मेसेज आहे एका गेममधला. पगार शून्य, पीएफ शून्य, दिवाळीला सोनपापडीचा डबासुद्धा नाही. तरीही तो आला की चांगली कमावती, ऑफिसात स्वतः टीम सांभाळणारी माणसं निमूटपणे 'यस भाई' टाइप करतात. मी अशाच एका सर्व्हरवर जवळजवळ तीन वर्षं होते. त्यामुळे हे सगळं आतून पाहिलंय.

डॉक्टर, वाचवा!

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात फंडा. साध्या गेममध्ये आपण जिंकायला जातो, रोलप्लेमध्ये राहायला जातो. 'जीटीए फाइव्ह' हा २०१३ सालचा गेम. मुळात गाड्या पळवण्याचा आणि गोळीबाराचा. पण 'फाइव्हएम' नावाच्या सॉफ्टवेअरमुळे कुणालाही स्वतःचा सर्व्हर उभा करून त्यात आपलं वेगळं शहर वसवता येतं. (२०२३ मध्ये गेमच्या मूळ मालकांनी, म्हणजे रॉकस्टार कंपनीनं, फाइव्हएमवाली टीमच विकत घेतली.) या शहरात पोलीस, वकील, टॅक्सीवाले, मेकॅनिक, गुंड सगळे असतात आणि प्रत्येकामागे एक खरं माणूस असतं, आपापल्या घरून माइकवर बोलणारं. आधी आपल्या पात्राची कुंडली लिहून द्यायची, इंटरव्ह्यू द्यायचा, मग प्रवेश. आत गेल्यावर भूमिका सोडायची नाही. म्हणजे संहिता नसलेलं, कधीच पडदा न पडणारं हौशी नाटकच म्हणा ना!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्यातली रूम सोडून कळंबला घरी आले. इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या शेजारचं आमचं गाव. चहूबाजूंनी ऊस. दिवसा वर्क फ्रॉम होम आणि रात्री नऊनंतर सगळीकडे चिडीचूप. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि माझा चुलतभाऊ आठवडाभर सुतकात बसला. सुतक फिटल्यावर त्यानंच मला या नव्या शहराची वाट दाखवली.

मी झाले अॅम्ब्युलन्सवाली डॉक्टर. पहिल्याच रात्री एका बँक लुटारूला टाके घालता घालता त्याची प्रेमभंगाची रडकथा अर्धा तास ऐकली. हसून हसून पोट दुखलं. दिवसभर एक्सेल शीटमध्ये मान घालून बसलेल्या मुलीला रात्री लोक 'डॉक्टर, वाचवा' म्हणून हाका मारतात, यातली मजा काय असते ते सांगून कळायचं नाही. बाहेर सगळं जग बंद असताना त्या शहरानं मला माणसं दिली, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण हळूहळू वेळ वाढत गेली. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की आमचे आप्पा दोन वाजता उसाची दारं धरायला निघायचे. माझ्या खोलीत उजेड दिसला की दारातून विचारायचे, "अजून हापिस सुटलं नाही का गं?"

"हापिस नाही आप्पा, खेळतेय."

"खेळताना माणूस एवढं कावतं होय?" एवढं बोलून बॅटरी घेऊन चालू पडायचे.

स्टाफ झालात, की संपलात

सर्व्हर म्हणजे नुसता कॉम्प्युटर नव्हे. तिथे मालक असतो, अॅडमिन असतात, त्यांच्याखाली मॉडरेटर. हे सगळे मिळून 'स्टाफ'. सगळे बिनपगारी. आमचा इन्स्पेक्टर त्यातलाच. (खरं नाव सांगत नाही. गेममध्ये तो पोलीस इन्स्पेक्टर होता.) कोल्हापूरकडचा, वयानं माझ्याहून लहान, दिवसा अकाउंट्सची नोकरी. मला 'डॉक्टरताई' म्हणायचा. हजरजबाबी एवढा की त्यानं चलान फाडलं तरी लोक हसत हसत पैसे भरायचे. म्हणूनच भाईनं, म्हणजे सर्व्हरच्या मालकानं, त्याला स्टाफमध्ये घेतलं.

त्या दिवसापासून त्याचं खेळणं संपलं आणि तिकिटं सुरू झाली. तिकीट म्हणजे तक्रार. 'त्यानं मला विनाकारण उडवलं.' 'माझी गाडी गायब झाली.' 'ती माझ्या पात्राला घालूनपाडून बोलली.' प्रत्येक तक्रारीत दोन्ही बाजूंचे व्हिडिओ बघायचे, दोघांचं ऐकून घ्यायचं, निकाल द्यायचा. मग जो हरेल त्याच्या शिव्या पर्सनल मेसेजमध्ये खायच्या. रात्री साडेदहा ते अडीच, रोज. मार्च एंडिंगलासुद्धा! बहिणीच्या हळदीला त्यानं दोन दिवस सुट्टी मागितली तर उत्तर आलं, 'सर्व्हर कुणासाठी थांबत नाही.' पठ्ठ्या मांडवाच्या मागे उभा राहून मोबाईलवर तिकिटं निकालात काढत होता.

आणि भाई? त्याचा कारभार मूडवर. नियम एकच, पण माणूस बघून लागू होणारा. त्याच्या दोस्तांनी काहीही केलं तरी 'अरे, मजा होती', दुसऱ्यानं केलं तर तीन दिवस बॅन. व्हॉइस मीटिंगमध्ये तीस जणांसमोर एकेकाची धुलाई. मध्यरात्री प्रमोशन, पहाटे डिमोशन.

हे सगळं वाईट ऑफिसातही होतं म्हणाल. बरोबर आहे. पण रोलप्लेमध्ये आणखी एक विषारी प्रकार असतो. इथला पहिला नियम काय, तर बाहेर जे कळलं ते तुमच्या पात्राला माहीत नसतं. ते वापरलंत तर तो गुन्हा, त्याला 'मेटागेमिंग' म्हणतात. पण हा नियम मोडणारा खुद्द मालकच असेल तर? आमच्यातल्या एकानं डोनेशनचे पैसे कुठे जातात असं मीटिंगमध्ये विचारलं. त्याच रात्री शहरात त्याच्या टॅक्सीवर छापा पडला, गाडी जप्त झाली आणि पात्र तुरुंगात! सगळं 'कथेच्या ओघात' बरं का. राग माणसावर आणि शिक्षा पात्राला. तक्रार करावी तर उत्तर तयार, 'अरे, गेमच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस?'

मनाला लागतंच. पात्राच्या भावना खेळणाऱ्यात आणि खेळणाऱ्याच्या पात्रात झिरपतात. रोलप्लेवाले याला 'ब्लीड' म्हणतात. मजा येते ती या झिरपण्यामुळेच आणि जखम होते तीही त्यामुळेच. ऑफिसातला बॉस फार तर अप्रेझल बिघडवेल. इथे तुमचं घर, गाडी, दोस्त, इज्जत, सगळ्याची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते.

नंबरच नव्हता...

इन्स्पेक्टर आधी चिडका झाला. मग गप्प झाला. विनोद बंद. तिकिटांना एका शब्दात उत्तरं. एका रात्री व्हॉइसवर म्हणाला, "ताई, मला आता कुणाचंच ऐकायचं नाहीये," आणि लाइन कट. दुसऱ्या दिवशी तो स्टाफमधून बाहेर पडला. भाईनं त्याला 'गद्दार' म्हणून जाहीर केलं, बॅन केलं, जुने मेसेज पुसून टाकले.

तेव्हा आम्हाला कळलं की अडीच वर्षं रोज रात्री ज्याच्याशी बोललो, त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. नंबर नाही, पत्ता नाही. बॅनचं एक बटण दाबलं आणि माणूस जगातून पुसल्यासारखा झाला. त्याचं शेवटचं वाक्य आठवून माझी झोप उडाली होती. तीन आठवड्यांनी एकाला आठवलं की इन्स्पेक्टरनं मागे कधीतरी यूपीआयवर दोनशे रुपये पाठवले होते. त्यावरून नंबर काढला, फोन लावला.

सुखरूप होता. पण म्हणाला, "ताई, गेम सोडला तरी रात्री साडेदहा वाजले की छातीत धडधडतं. झोप लागत नाही. सकाळी ऑफिसात आकडे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत." पुढे त्यानं डॉक्टर गाठले, आणि सावरायला त्याला चांगले चार-पाच महिने लागले.

दुखणं जुनंच आहे बॉस!

हे सगळं आजच्या पोरांचे चोचले वाटत असतील तर थोडा इतिहास ऐका. १९९० मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत पावेल कर्टिस यानं 'लॅम्डामू' नावाचं एक आभासी घर उभारलं. चित्रं नाहीत, फक्त शब्द. टाइप करत करत लोक त्यात वावरायचे. कारभाऱ्यांना 'विझार्ड' म्हणजे जादूगार म्हणत. लोक वाढले तशी भांडणंही वाढली आणि ती सोडवून सोडवून जादूगारांचा जीव मेटाकुटीला आला. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसनं जाहीर करून टाकलं की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू, भांडणं तुमची तुम्ही मिटवा. १९९३ मध्ये तिथे एकानं इतरांच्या पात्रांवर घाणेरडे अत्याचार केले आणि मोठं वादळ उठलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराच्या लेखामुळे ते जगभर गाजलं. मग मतदानाची पद्धत आली. पण त्यानंही भागलं नाही आणि १९९६ मध्ये जादूगारांना पुन्हा लक्ष घालावं लागलं. थोडक्यात काय, एकट्यानं सगळं ओढलं तरी वाट लागते आणि सगळं वाऱ्यावर सोडलं तरी!

हजेरीचे गुणही नवे नाहीत. 'एव्हरक्वेस्ट' या गेमच्या खेळाडूंनी १९९९ मध्येच 'डीकेपी' नावाची गुणपद्धत काढली होती. मोहिमेला हजर राहिलात तर गुण, गुण साठले तर लुटीत वाटा. आणि बिनपगारी कामाचं भांडण तर कोर्टात गेलं. 'अल्टिमा ऑनलाईन' या गेमच्या स्वयंसेवकांनी २००० साली कंपनीवर दावा ठोकला. आमच्याकडून नोकरीसारखं काम करून घेता, तर मग किमान वेतन द्या, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आदल्या वर्षी 'एओएल'च्या स्वयंसेवकांनीही असाच दावा लावला होता. तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला.

आळस नव्हे, बर्नआउट

आता सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट. 'बर्नआउट' म्हटलं की आपल्यासमोर आयटीतला लॅपटॉपवाला येतो. पण १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसोपचारतज्ज्ञानं हा शब्द वापरात आणला तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून. तिथे राबणारी मंडळी हौशी स्वयंसेवक होती. म्हणजे जे मनापासून, प्रेमानं, बिनपैशानं काम करतात तेच आधी जळतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणं मांडली. रिकामं वाटावं असा थकवा, माणसांबद्दल येणारा तुसडेपणा आणि 'आपल्याला काही जमतच नाही' ही भावना. इन्स्पेक्टरची स्टोरी परत वाचा, तिन्ही सापडतील. मास्लाक आणि मायकल लायटर या जोडीनं बर्नआउटची सहा कारणं सांगितली. कामाचा बोजा हे त्यातलं फक्त एक. बाकीची पाच म्हणजे हातात काही नसणं, केल्याची कदर नसणं, तुटलेला आपलेपणा, अन्याय आणि मनाला न पटणारं करावं लागणं. म्हणून 'दोन दिवस सुट्टी घे, बरं वाटेल' हा सल्ला अपुरा आहे. परत येऊन त्याच भाईसमोर उभं राहायचं असेल तर सुट्टी काय कामाची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत बर्नआउट हा आजार नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था आहे. २०१९ मध्ये त्यांनी तसं स्पष्टही केलं. 'गेमिंग डिसऑर्डर' ही त्याच यादीतली वेगळी चीज. खेळावर ताबाच राहत नाही, तो प्रकार. घरचे लोक हे दोन्ही एकात कालवतात आणि म्हणतात, 'मोबाईल काढून घ्या त्याचा!' इन्स्पेक्टरला गेमचं व्यसन नव्हतं हो. उलट खेळायला मिळत नव्हतं, हेच त्याचं दुखणं होतं.

भाईचीही दुसरी बाजू

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. भाई सव्विसेक वर्षांचा पोरगा. सर्व्हरचं भाडं त्याच्या खिशातून. कोड बिघडला की पहाटे चारला तोच उठणार. शिव्यांचा पहिला पाऊसही त्याच्यावरच. माझं मत विचाराल तर विषारी लीडर बऱ्याचदा सगळ्यात आधी जळालेला माणूस असतो, फक्त तो खुर्ची सोडत नाही. सोडणार कशी? पासवर्ड त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे, निर्णय त्याच्याकडे. दुसऱ्या कुणाला शिकवलेलंच नाही. यानं त्याचं वागणं माफ होत नाही. पण 'भाई बदला' एवढ्यानं भागणार नाही, हे कळतं. नवा भाई सहा महिन्यांत तसाच होईल.

मग करायचं काय? उत्तर आमच्या गावाकडेच होतं. अखंड हरिनाम सप्ताह पाहिलाय? सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. पण कुणी एकटा सात दिवस वीणा घेऊन उभा राहत नाही! पहाऱ्याची यादी असते. ठरलेली वेळ झाली की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा संपला तो घरी जाऊन गाढ झोपतो. कुणी त्याला गद्दार म्हणत नाही. आमच्याकडे कालव्याचं पाणीसुद्धा शेजपाळीनं मिळतं. पाळी संपली की दार बंद, मग शेतकरी कितीही मोठा असो. (निदान नियम तरी तसा आहे!)

२०२३ मध्ये आम्ही पाच जणांनी वेगळं होऊन एक छोटा सर्व्हर काढला. जेमतेम तीस माणसं. कारभारी महिन्याला बदलतो. पासवर्ड तिघांकडे. जमाखर्चाचा कागद सगळ्यांना उघडा. स्वतःच्या किंवा दोस्ताच्या तक्रारीवर निकाल द्यायचा नाही. मंगळवारी आणि गुरुवारी शहर बंद. भांडणं होतात का? होतात की! पण कुणाच्या छातीत धडधडत नाही. इन्स्पेक्टर बोलावल्यावर वर्षभरानं आला. अट एकच घातली, "ताई, स्टाफ नको. मला आइस्क्रीमची गाडी द्या." दिली.

क्विझ टाइम! तुमचा ग्रुप खेळ आहे की नोकरी?

गेम असो, ट्रेकिंग ग्रुप असो, ढोलपथक असो की एकांकिकेची टीम. 'हो' किंवा 'नाही' म्हणा.

१. यायला जमलं नाही तर खोटं कारण सांगावं लागतं?
२. लीडरचा मेसेज दिसला की आधी पोटात गोळा येतो?
३. पैशांचा हिशेब विचारणारा माणूस नंतर दिसेनासा होतो?
४. गेल्या महिन्यात खेळण्यापेक्षा भांडणं सोडवण्यात जास्त वेळ गेला?
५. उद्या ग्रुप सोडला तर सगळे मित्र एका फटक्यात जातील?

'हो' शून्य किंवा एक: झक्कास, चालू द्या!
दोन किंवा तीन: जबाबदाऱ्या कमी करा, उघड बोला.
चार किंवा पाच: बॉस, ही नाईट शिफ्ट आहे, तीही फुकटची!

सुटकेचे फंडे

- स्टाफ होण्याआधी मुदत ठरवून घ्या. 'तीन महिने, आठवड्याला दोन रात्री.' लेखी.
- पात्रावर अन्याय होतोय की तुमच्यावर, हे वेगळं करा. तुमच्यावर असेल तर भूमिका सोडून, स्वतःच्या नावानं बोला.
- एकदा बोलून बघा. दुसऱ्यांदा तेच झालं तर कल्टी मारा. निरोपाचं लांबलचक पत्र लिहायची गरज नाही.
- जिवाभावाच्या दोन-तीन जणांचे फोन नंबर घेऊन ठेवा. आजच!
- कुणी अचानक गप्प झालं तर शोध घ्या. 'बिझी असेल' म्हणून सोडून देऊ नका.
- झोप उडाली, कामात लक्ष लागेना, जीव घाबरा होत राहिला तर मदत घ्या. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं.

आणि तुम्ही स्वतःच 'भाई' असाल तर? या शनिवारी पासवर्ड आणखी दोघांना द्या, फोन सायलेंटवर टाका आणि मस्त झोपा. सकाळी शहर जागच्या जागी असेल. पैज!